सतरंजीवर बसून राहिलेली माय

आमची मिस्सा, म्हणजे रविवारची देवळातली उपासना, संध्याकाळी व्हायची. ख्रिस्ती लोक रविवारी सकाळी कडक इस्त्रीचे कपडे घालून देवळात जातात, असं शाळेच्या पुस्तकात वाचलं तेव्हा मला ते खरंच वाटलं नव्हतं. वाळूजच्या कंपन्यांची सुट्टी रविवारीच असेल असं काही नव्हतं. पहिली पाळी दुपारी सुटायची, दुसरी आत जायची, आणि त्यानंतरच्या सांदीत पाच वाजता आमचा देव बसवलेला होता. पाळीवरून परस्पर येणारे बापे खिशावर कंपनीचं नाव असलेल्या शर्टातच यायचे. अंगाला ऑइलचा वास, नखांत काळं. सतरंजीवर मांडी घालून बसले की निम्मे प्रवचनातच पेंगायचे. फादर वसईकडचे, बोलणं स्वच्छ, रेडिओवरच्या बातम्यांसारखं. ते पेंगणाऱ्यांना कधी रागावले नाहीत. एकदा म्हणाले, "झोपा, पण घोरू नका. मला माझंच ऐकू येत नाही."

देऊळ म्हणजे बजाजनगरमधला एक भाड्याचा पत्र्याचा शेड. आधी त्यात कुणीतरी खोकी बनवायचं. भिंतींवर त्यांचे खिळे तसेच राहिले होते, त्यांवर आम्ही येशूच्या मरणवाटेची चौदा चित्रं टांगली होती. उन्हाळ्यात पत्रा दुपारभर तापायचा आणि संध्याकाळी निवताना कडकड आवाज करायचा. साडेपाचला जनरल पाळीचा भोंगा व्हायचा. बहुतेक वेळा तो नेमका फादर प्रसादाची भाकर वर उचलून धरायचे तेव्हाच व्हायचा. इतर देवळांत त्या क्षणी घंटा वाजवतात. आमच्याकडं भोंगा. पुढं मी शहरातल्या मोठ्या देवळात गेले, शिकले, नोकरीला लागले, पण त्या क्षणाला अजून माझे कान भोंग्याची वाट बघतात.

घरी आम्ही तिघंच. माय, दादा आणि मी. दादा म्हणजे माझे वडील, एका कारखान्यात प्रेसवर होते. माय कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. दिवसाला किती ते तिला विचारलं की म्हणायची, "मोजल्या तर हात दुखतात." रविवारी ती सकाळची पाळी घ्यायची, म्हणजे संध्याकाळ मोकळी. दुपारी घरी येऊन येसरची आमटी टाकायची. येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून केलेलं पीठ. आमच्या मराठवाड्यात लग्नाला ते लागतंच, आमच्याकडं मात्र दर रविवारी लागायचं. त्या आमटीचा खमंग वास केसांत घेऊनच मी देवळात बसायचे. माय निघताना पांढरं लुगडं नेसायची, डोक्यावर पदर, हातात माळ. दादा सायकलवर मागून येणार आणि बाहेर लिंबाखालीच थांबणार. आत का येत नाही म्हटलं तर म्हणायचे, "सायकल कोण बघंल?" आमच्या त्या सायकलीला चोर सोडा, भंगारवाल्यानंही हात लावला नसता.

माय आत यायची. बायकांच्या बाजूला, मागून दुसऱ्या रांगेत, मार्थाकाकूंच्या शेजारी बसायची. गाणी तिलाच सगळी पाठ. पेटी वाजवणारा सूर विसरला की मागं वळून मायकडं बघायचा. पण प्रसादाची वेळ आली, म्हणजे सगळे उठून रांगेत लागायचे आणि फादर एकेकाच्या हातावर ती पांढरी चकती ठेवून 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणायचे, तेव्हा माय उठायची नाही. अख्खी सतरंजी रिकामी व्हायची. आजारी म्हातारे धरून धरून पुढं जायचे. मधोमध एकटी माय, मान खाली, ओठ हलताहेत. परत येणारे लोक तिच्या कडेनं पाय जपून टाकत जायचे, जशी ती तिथं सांडलेली काहीतरी वस्तू होती.

मी लहान असताना मला यात वावगं दिसत नव्हतं. मलाही मिळत नव्हतं, तिलाही मिळत नव्हतं. आम्ही दोघी जोडीनं बसायचो. मग मी दहा वर्षांची झाले आणि माझा पहिला प्रसाद ठरला. पांढरा फ्रॉक आला. याकोब मास्तर आम्हा सहा पोरांना दर शनिवारी शिकवायचे. मास्तर कडक. या प्रसादात खुद्द प्रभू आहे, जो तो घेत नाही त्याच्यात जीवन नाही, असं त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं. मी घरी येऊन विचारलं, "माय, तू का नाय घेत?"

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. "माझं पोट भरलंय," म्हणाली.

पहिला प्रसाद मी घेतला. सगळ्यांनी हार घातले, फोटो काढला. आणि पुढच्या रविवारपासून रांगेत उभी राहिले की माझं लक्ष समोर कमी, मागं जास्त. आता ती तिथं एकटी होती. मी तिला सोडून आले होते.

इथं मला आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे, कारण जे घडलं ते त्या रितीनं घडलं. आमच्या गल्लीत कुणाकडं सत्यनारायण असो, की शकीलाखालाकडं ईदचा शीरखुर्मा असो, जो जाईल त्यानं तिथंच सगळं खायचं नाही. घरी राहिलेल्याचा वाटा पदरात, रुमालात, पानात बांधून आणायचा. मायची त्यावर सक्त नजर. एकदा मी बारशाचा लाडू वाटेतच संपवून आले, तर तिनं मला मारलं नाही. नुसतं म्हणाली, "जो येऊ शकत नाय त्याचं तोंड डोळ्यांपुढं येत नाय का गं तुझ्या?" मला तो लाडू अजून पचलेला नाही.

तर त्या रविवारी फादरांनी माझ्या डाव्या तळव्यावर प्रसाद ठेवला. मी 'आमेन' म्हटलं, उजवा हात तोंडाजवळ नेला, तोंड हलवलं, आणि डावी मूठ फ्रॉकच्या घडीत धरून मागं चालत आले. मी काही पाप करते आहे असं तसूभरही वाटत नव्हतं. उलट छाती भरून आली होती. मायजवळ बसले, तिचा हात ओढला आणि तिच्या तळव्यावर तो ठेवला. घामानं कड जरा मऊ झाली होती.

"तुझा वाटा," मी म्हटलं. "खा."

मायनं हाताकडं बघितलं. तिचा चेहरा असा झाला, जसा तव्यावर हात पडल्यावर होतो, ओरडण्याच्या आधी. शेजारी मार्थाकाकू नुकत्याच येऊन गुडघ्यावर टेकल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि त्यांच्या तोंडून "अगं बया!" असं एवढ्या मोठ्यानं निघालं की पेटी थांबली. याकोब मास्तर वेदीजवळून जवळजवळ धावतच आले.

"काय केलं हिनं? कुठंय? दे इकडं! नाय, नको, हात लावू नको कुणी! सुमनबाई, खाल्लं का तुम्ही? खाल्लं का?"

माय उठली. पदर सारखा केला, उजव्या तळव्यावर तो प्रसाद तसाच उघडा धरला, खाली डावा हात लावला, आणि चालायला लागली. रांगेत अजून पाच-सहा माणसं होती. ती बाजूला झाली. पत्रा कडकडत होता आणि बाकी काही आवाज नव्हता. अख्ख्या आयुष्यात मी मायला त्या वाटेनं जाताना पहिल्यांदा बघत होते. ती काही घ्यायला निघाली नव्हती.

फादरांसमोर जाऊन तिनं हात पुढं केले. सगळ्यांना ऐकू गेलं, कारण तिला हळू बोलायची सवयच नव्हती. कँटीनच्या भट्टीपुढं हळू बोलून चालत नाही.

"पोरगी लहान हाय फादर. तिला कळालं नाय. मी खाल्लं नाय."

फादरांनी तो तिच्या तळव्यावरून उचलला आणि स्वतः घेतला. मग त्यांचा हात वर झाला, आशीर्वादाला होतो तसा, आणि अर्ध्यात थांबून खाली आला. या गोष्टीला तीस वर्षं होत आली, पण त्या हाताचा अर्थ मला लागलेला नाही. नियम आठवला म्हणून थांबला, की लोक बघताहेत म्हणून, की लाज वाटली म्हणून? ते फादर पुढं बदलून गेले आणि वारलेही. विचारायचं राहून गेलं.

माय तेवढीच सावकाश परत आली आणि आपल्या जागेवर बसली.

मास्तरांचं म्हणणं पडलं की या पोरीला वर्षभर प्रसाद देऊ नये, म्हणजे बाकीच्या पोरांना धाक बसेल. फादर म्हणाले, "लहान आहे. येत्या शनिवारी पापनिवेदन करू दे, रविवारी येऊ दे." म्हणजे चूक माझी, आणि मला आठ दिवसांत माफी. मायला मात्र तिच्या जन्मभराच्या खरेपणावर तेवढी सवलत नव्हती, हे मला दहाव्या वर्षी सांगता आलं नसतं, पण काहीतरी उलटं आहे एवढं कळलं होतं.

घरी येताना दादांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि वाटभर नुसतं "चल, चल" म्हणत राहिले. मायनं जेवायला वाढलं. येसरचा वाफारा मधे घेऊन आम्ही तिघं बसलो. मला रडू फुटलं. म्हटलं, "मी तुझ्यासाठी आणला होता."

"व्हय," माय म्हणाली. "पण मला चोरून नको."

मग तिनं मला सांगितलं, दादांच्या समोर, आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता, जसं एखादीनं माहेरचं काही सांगावं. तिचं आधी एक लग्न झालं होतं. जालन्याकडं. देवळात, फादरसमोर, वचनं देऊन. तो माणूस प्यायचा आणि मारायचा. मग त्यानं दुसरी आणली आणि हिला बाहेर काढलं. ती इकडं कामाला आली, दादा भेटले, मी झाले. पण पहिला जिवंत होता, आणि आमच्या धर्मात वचन दिलेला जिवंत असेपर्यंत दुसरं लग्न नाही. म्हणून दादांशी तिचं लग्न देवळात लागलेलं नव्हतं. म्हणून प्रसाद नाही.

"मग तो माणूस घेतो का प्रसाद?" मी विचारलं.

दादा पहिल्यांदा हसले. "तो देवळात गेला तर देऊळच बाहेर पळंल."

माझं शिक्षण पुढं गेलं. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी मान वर करून लिहिते, कारण ती मान कुणी फुकट दिलेली नाही. बजाजनगरहून रोज कंपनीच्या बसच्या गर्दीतून वाट काढत शहरातल्या कॉलेजला जायचे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्याकडं नवे फादर आले, तरुण. त्यांनी मला बोलावून सांगितलं की एक मार्ग आहे. धर्मप्रांताच्या न्यायमंडळाकडं अर्ज करायचा. पहिलं लग्न मुळातच खरं नव्हतं असं सिद्ध झालं, तर मायला मोकळीक मिळते. अर्ज इंग्रजीत होता, पुष्कळ पानांचा. मी तो आठवडाभर बसून भरला. सुंदर अक्षरात. मला वाटत होतं, याच्यासाठीच मी शिकले.

रविवारी दुपारी मायला वाचून दाखवायला बसले, एकेक ओळ मराठीत करून. "लग्नाच्या वेळी अर्जदार मनानं तयार नव्हती. घरच्यांच्या दबावाखाली..."

"कोण म्हनलं?" माय म्हणाली.

"असं लिहावं लागतं माय."

"मी तयार होते. आवडला होता मला. चुडा भरताना मला हसू आवरत नव्हतं, माझी आत्या रागावली. लिही तसं."

"तसं लिहिलं तर काही उपयोग नाय!"

"मंग नको लिहू."

मी चिडले. म्हटलं, "वीस-वीस वर्षं लोकांनी तुला ओलांडून जायचं, आणि तुला तेच गोड लागतं. एवढं शिकले ते कुणासाठी?"

"खोटं लिहायला शिकलीस व्हय?" ती म्हणाली, आणि मग मऊ आवाजात, "पोरी, देवासमोर मी हो म्हणले होते. ते हो खरं होतं. नंतरचा मार खरा होता. दोन्ही खरं हाय. त्यातलं एक पुसून मला देवाच्या दारात जायचं नाय."

दादा दारात बसून सायकलची चेन पुसत होते. त्यांनी वर बघितलं नाही. तिचं ते हो ऐकून त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मला त्या वेळी शिवलासुद्धा नाही. मी माझ्या सुंदर अक्षराच्या अपमानात होते. महिनाभर मायशी नीट बोलले नाही. अर्ज तसाच राहिला.

मी नोकरीला लागले त्या वर्षी एका रविवारी आम्ही देवळाशी पोचलो. शेड जाऊन तिथं आता विटांचं देऊळ झालं होतं. याकोब मास्तर दारातच उभे होते, म्हातारे झालेले, काठी टेकत. त्यांनी मायला बाजूला घेतलं, पण एवढंही नाही की मला ऐकू येऊ नये.

"सुमनबाई, जालन्याचा निरोप आलाय. ते गेले."

"कवा?"

"बुधवारी. माती झाली गुरुवारी."

माय पायरीवर बसली. मार्थाकाकूंचे कान म्हातारपणीही शाबूत होते. त्या लगबगीनं आल्या आणि तिचे दोन्ही खांदे धरून म्हणाल्या, "सुटलीस गं बाई! प्रभूनं ऐकलं तुझं!" दादा सायकल धरून लांब उभे. त्यांना कळलं तेव्हा जवळ आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आता तरी करशील का माझ्याशी लगीन? का दुसरा कुणी बघून ठेवलाय?" आम्ही सगळे हसलो. माय हसली नाही. तिनं विचारलं, "मरताना त्याच्याजवळ कोण होतं?" मास्तरांना ते माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, देवळात त्यांचं लग्न लागलं. फादर, मास्तर, मार्थाकाकू आणि मी. साक्षीदार म्हणून नोंदवहीत मी सही केली. दादांनी नवा शर्ट घातला होता, त्याची टाचणी काढायची राहिली होती आणि ती त्यांना पूर्ण वेळ टोचत होती. लग्नाआधी दोघांनी पापनिवेदन केलं, दादांनी कित्येक वर्षांनी. मायला बराच वेळ लागला. आता काही अडसर उरला नव्हता.

पुढच्या रविवारी सगळ्या देवळाला माहीत होतं. प्रसादाच्या वेळी लोक उठले आणि थांबले. मार्थाकाकू मायला म्हणाल्या, "हं, तू हो पुढं." पुढच्या ओळीतल्या बायका वाट सोडून उभ्या राहिल्या. दादा चक्क आत आले होते आणि बाप्यांच्या रांगेत अवघडून उभे होते, हात कसे धरायचे ते शेजाऱ्याचं बघत. माय उठली नाही.

"माय, चल ना."

"तू जा."

मी गेले. दादाही गेले. मिस्सेला पहिल्यांदा आत आलेले दादा प्रसाद घेऊन आले, आणि माय बसलेली.

घरी जाताना दादा सायकल घेऊन पुढं निघून गेले, बहुधा रागानं. आम्ही दोघी मागं. उजेड होता अजून, जनरल पाळीच्या बस धूळ उडवत चालल्या होत्या. मी म्हटलं, "आता काय राहिलं? सगळं झालं ना नीट?"

"फादरला सगळं सांगितलं," माय म्हणाली. "एक सोडून. जिभेवर आलंच नाय."

"काय ते?"

बस गेली, धूळ बसेपर्यंत ती थांबली. "भाकर वर धरायचे ना फादर, आन् भोंगा व्हायचा. सगळे माना खाली घालायचे. मी बी घालायची. आन् मनात म्हणायची, आज तरी मेला असंल का. दर रैवारी. तू पोटात होतीस तवापासून. प्रभूच्या समोर बसून मी एका माणसाच्या मरणाची वाट बघितली, पोरी. आन् तो मेल्यावर प्रभूचा प्रसाद घ्यायला जाऊ? कोणत्या तोंडानं?"

माझ्याकडं पदवी होती, इंग्रजी होतं, शाळेत मी पोरांना बोलायला शिकवत होते. मी नुसता तिचा हात धरला.

पुढच्या शनिवारी ती एकटीच फादरांकडं गेली आणि ते सांगून आली. काय बोलणं झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. रविवारी ती उठली आणि रांगेत सर्वांत शेवटी उभी राहिली. त्यानंतर नऊ वर्षं, जाईपर्यंत, तिनं एक रविवार चुकवला नाही.

पण मला माझंही लिहिलं पाहिजे. मास्तरांनी पायरीवर निरोप दिला त्या रविवारी, माय तिथंच बसलेली असताना, मी आत गेले होते. गुडघे टेकून मी देवाचे आभार मानले, तो मेला म्हणून, अगदी याच शब्दांत. मग रांगेत उभी राहिले, दोन्ही हात पुढं केले आणि प्रसाद घेतला. मायनं वाटेत ते सांगितलं तेव्हा मी तिला हे सांगू शकले असते. दोघींचं ओझं एक झालं असतं. मी गप्प राहिले. पापनिवेदनाला मी वर्षातून दोन-तीनदा जाते, शाळेतली खोटी-खरी, रागलोभ, सगळं सांगते. हे कधी सांगितलेलं नाही. आणि दर रविवारी मी पहिल्या चार-पाच जणांत उठते.